आधी जागा बघा

(परभणीत ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, रुग्णाला जागेवर पहिली मदत देणारा, या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

बसा, बसा. मागच्या पोरींनो, पुढं पंख्याखाली या, जागा आहे. फळ्यावर विषय लिहिलाय, 'परीक्षेची तयारी कशी करावी'. त्यावर बोलणारच आहे. पण एक गोष्ट बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. ती तुमच्यासमोर नाही बोलायची तर कुणासमोर?

प्रात्यक्षिकाला उमेदवार आत येतो, 'पीपीई, सीन सेफ', म्हणजे हातमोजे-मास्क घातलेत, जागा सुरक्षित आहे, असं एका दमात म्हणतो आणि रुग्णाशेजारी गुडघे टेकतो. देवळात शिरताना घंटा वाजवावी, तसं. खोलीकडं त्यानं बघितलेलंच नसतं. मी विचारतो, 'सुरक्षित आहे हे कशावरून ठरवलंस बाळा?' पोरगं गप्प. माझं म्हणणं असं, की तुमच्या अख्ख्या अभ्यासक्रमात याहून मोठा धडा नाही. आणि आपल्या मराठवाड्यात तर नाहीच नाही.

विहिरीची गोष्ट सांगतो. गावाचं नाव नको, तशी गावं आपल्या आठही जिल्ह्यांत आहेत. मे महिना, पाणी तळाला गेलेलं. दोघं भाऊ गाळ काढत होते. उरलेलं पाणी उपसायला डिझेल इंजिन खालच्या टप्प्यावर उतरवलं होतं. दुपारी थोरला इंजिन बंद करायला उतरला. वर आला नाही, हाकेला ओ नाही. धाकट्यानं वरून बघितलं, भाऊ आडवा पडलेला. तो तसाच उतरला. तोही पडला. तोवर माणसं जमली. शेजारचा एक पोरगा, पट्टीचा पोहणारा, प्रथमोपचाराचा वर्ग केलेला, म्हणाला मी जातो. त्याची चुलती आडवी आली. कमरेला दोर बांधल्याशिवाय तिनं त्याला पाय टाकू दिला नाही. अर्ध्यात गेला आणि त्याची मान लटकली. लोकांनी दोर ओढला, म्हणून तो आज आहे. दोघं भाऊ गेले.

आता मला सांगा, त्या गर्दीत ईएमटीचं काम कुणी केलं? चुलतीनं केलं. तिला ना कोर्स माहीत, ना सर्टिफिकेट.

असं का होतं, तेही समजून घ्या. डिझेल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. इंजिन नसलं तरी जुन्या विहिरीत, गोबरगॅसच्या खड्ड्यात, मैल्याच्या टाकीत कुजलेल्या घाणीतून वायू निघतात, ऑक्सिजन कमी होतो. आपल्या हवेत तो साधारण २१ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात, आणि फारच खाली गेला तर माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. म्हणजे वास गेला तर धोका गेला असं समजू नका. आपले म्हातारे कंदील सोडून बघायचे. ऑक्सिजन फार कमी असेल तर कंदील विझेल, पण कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळत नाही, आणि मिथेन असला तर भडका उडेल. तुम्ही उतरायचं नाही, दुसऱ्या कुणाला उतरू द्यायचं नाही. श्वासाचं उपकरण असलेलं अग्निशमन दल बोलवायचं आणि माणूस वर येईपर्यंत ऑक्सिजन तयार ठेवायचा. काठावर उभं राहणं फार अवघड असतं. बायाबापड्या तुम्हाला शिव्या देतील. तरी उभं राहायचं.

विजेचंही तेच. रात्रीची लाइट, ओल्या रानात दारं धरायला गेलेला माणूस स्टार्टरला चिकटलेला. डीपीवरून पुरवठा वायरमननं बंद केल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. फवारणीचं औषध पोटात गेलेला माणूस आला, तर हातमोजे घाला, त्याचे भिजलेले कपडे आधी काढा. ते विष कातडीतून तुमच्याही अंगात जातं. आणि किल्लारीचा भूकंप विसरू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, दगडमातीच्या भिंती माणसांवर आल्या. ढिगाऱ्यात शिरणाऱ्यानं वरची उरलेली भिंत आधी बघायची असते.

आणखी एक मनातलं. मी एका प्रशिक्षण केंद्रात गेलो, तिथं मॅनिकिनवरचं, म्हणजे सरावाच्या माणसाएवढ्या पुतळ्यावरचं, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. खराब होईल म्हणून कपाटात! पोरांच्या हातात मात्र महत्त्वाच्या प्रश्नांच्या झेरॉक्स. लांबून, फी भरायला बापानं उचल घेऊन आलेली पोरं होती ती. मला त्या दिवशी फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणे. तर आता तयारीचं भराभर लिहून घ्या.

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबणं आणि श्वास देणं: मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात खोली निदान ५ सेंटिमीटर, ६ च्या वर नको. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. ३० दाब, २ श्वास. लहान मूल असेल आणि तुम्ही दोघं असाल तर १५ ला २. नाडी बघायला दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही.

ग्लासगो स्केल, म्हणजे रुग्ण किती शुद्धीवर आहे याचे गुण: जास्तीत जास्त डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६. सर्वांत कमी गुण ३, शून्य नव्हे. इथं दरवर्षी पोरं फसतात. ऑक्सिजन: नाकातली नळी मिनिटाला १ ते ६ लिटर, पिशवीचा नॉन-रिब्रीदर मास्क १० ते १५, आणि पिशवी आधी फुगवून घ्या.

टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा: हातापायातून रक्ताची धार थांबत नसेल तर जखमेच्या वरच्या बाजूला, धडाकडं, घट्ट बांधा आणि वेळ लिहा. साप चावला तर मात्र बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अवयव हलू न देता रुग्णाला दवाखान्यात न्या. लेखीत हे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी आले तर गोंधळू नका.

अभ्यास मोठ्यानं बोलून करा. एकानं रुग्ण व्हायचं, एकानं ईएमटी, तिसऱ्यानं गुणपत्रिका धरायची. रुग्ण झालेल्यानं दर वेळी खोलीत एक धोका लपवायचा, तुटलेली वायर, सांडलेलं औषध, काहीही. ईएमटीला तो सापडला नाही तर डाव तिथंच बंद, पुन्हा दारातून आत यायचं. मॅनिकिन मी गाडीत घालून आणलंय. चहा झाला की तीन-तीनचे गट करा, पहिला गट या दारातून येईल.