थोरच्या हातोड्याचा दांडा आखूड का? नॉर्स कथांमधल्या जादुई वस्तू कशा वाचायच्या

नमस्कार. नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियातले जुने लोक, आणि थोर हा त्यांचा गडगडाटाचा देव. त्याचा हातोडा म्योल्निर हा देवांच्या सगळ्या वस्तूंमध्ये श्रेष्ठ ठरला, आणि तरी त्याचा दांडा आखूड आहे. घडवताना राहिलेला दोष आहे तो, आणि मूळ कथा तो उघडपणे सांगते. नॉर्स पुराणकथांमधली वस्तू समजून घ्यायची तर तिच्यात शक्ती किती, एवढंच विचारून भागत नाही. ती कोणी घडवली, कोणाकडून कोणाकडे गेली आणि तिच्यासाठी काय गमवावं लागलं, हे विचारायचं.

आधी या कथा आल्या कुठून ते बघू. आइसलँडच्या स्नॉरी स्टुर्लुसनने त्या १२२० च्या सुमारास गद्यात लिहिल्या. त्या देशाने इ.स. १००० च्या आसपास ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे लिहिणारा ख्रिस्ती, आणि मधे दोनशे वर्षं. म्हणून स्नॉरी सांगतो ते जुन्या कवितांशी आणि जमिनीतून निघालेल्या वस्तूंशी ताडून बघायचं.

आता भट्टीकडे. रूप बदलू शकणाऱ्या खोडकर लोकीने थोरच्या बायकोचे, सिफचे, केस कापले. भरपाई म्हणून त्याने बुटक्या कारागिरांकडून तीन वस्तू आणल्या: सिफला सोन्याचे केस, देवांचा प्रमुख ओडिन याला गुंगनिर नावाचा भाला आणि सुबत्तेचा देव फ्रेयर याला घडी घालून थैलीत ठेवता येणारं जहाज. मग ब्रोक नावाच्या बुटक्याशी त्याने स्वतःच्या डोक्याची पैज मारली, की तुझा भाऊ सिंद्री या तोडीच्या तीन वस्तू घडवूच शकणार नाही.

[स्क्रीनवर: भट्टी, भाता, ऐरण]

सिंद्रीची अट एकच: मी वस्तू बाहेर काढेपर्यंत भाता थांबता कामा नये. पहिल्यांदा भट्टीत डुकराचं कातडं गेलं. एक माशी ब्रोकच्या हाताला चावली, तो हलला नाही, आणि सोनेरी केसांचा रानडुक्कर बाहेर आला. दुसऱ्यांदा सोनं. माशी मानेला दुप्पट जोरात चावली, तरी भाता चालूच राहिला, आणि ड्राउपनिर ही अंगठी तयार झाली. तिसऱ्यांदा लोखंड. या वेळी माशी पापण्यांना चावली, डोळ्यांत रक्त उतरलं, काही दिसेना. ब्रोकने क्षणभर हात सोडून माशी हाकलली. तेवढ्यात भाता बसला, आणि दांडा आखूड राहिला. ती माशी म्हणजे लोकीच, असं स्नॉरी थेट लिहीत नाही. पण पैज कोणाची होती ते बघितलं की वेगळं सांगावं लागत नाही.

निवाडा ओडिन, थोर आणि फ्रेयर यांनी केला. फेकला तर नेम चुकत नाही, पुन्हा हातात येतो, हवं तेव्हा सदऱ्यात मावेल एवढा लहान होतो आणि हिमराक्षसांपासून रक्षण करतो, म्हणून हातोडा पहिला. हरलेला लोकी म्हणाला, डोकं तुझं, मान नाही. तेव्हा ब्रोकने आरीने भोकं पाडून वादीने त्याचे ओठ शिवले.

हातोडा फक्त मारण्यासाठी आहे, ही सगळ्यात मोठी गैरसमजूत. राक्षस थ्रिमच्या लग्नाच्या कवितेत नवरीला पवित्र करायला तो तिच्या मांडीवर ठेवतात. ओडिनच्या मेलेल्या मुलाच्या, बाल्डरच्या, चितेवर थोर तोच धरतो. थोरने कापून खाल्लेले त्याचे बोकड या हातोड्यानेच पुन्हा उभे राहतात. फक्त एक लंगडतो, कारण कोणीतरी मांडीचं हाड मगजासाठी फोडलेलं असतं. आणि याला जमिनीतला पुरावा आहे. गळ्यात घालायचे असे हातोडे सुमारे हजार सापडलेत. त्यातल्या डेन्मार्कच्या लोलांड बेटावर मिळालेल्या एकावर रून या तिथल्या जुन्या लिपीत ‘हा हातोडा आहे’ एवढंच कोरलंय. डेन्मार्कच्याच जटलंडमधल्या ट्रेंडगॉर्डनला दहाव्या शतकातला दगडी साचा मिळाला, त्यात हातोडाही ओतता येतो आणि क्रूसही. कारागिराकडे दोन्हीकडचं गिऱ्हाईक होतं!

ड्राउपनिरमधून दर नवव्या रात्री तेवढ्याच वजनाच्या आठ अंगठ्या गळतात. संपत्तीचं चिन्ह म्हणून हिच्याकडे बघितलं तर अर्धंच कळतं. त्या समाजात राजाची पत सोनं साठवण्यात नव्हती, वाटण्यात होती. ओडिन तर ती मेलेल्या मुलाच्या, बाल्डरच्या, चितेवर ठेवतो आणि बाल्डर मृत्युलोकातून ती परत पाठवतो. शिवाय स्नॉरी एके ठिकाणी म्हणतो की अंगठ्या गळण्याचा गुण तिला चितेवर ठेवल्यानंतर आला. भट्टीच्या कथेशी हे जुळत नाही, पण मला दोन्हींत हेच रूप जास्त खोल वाटतं.

सगळ्यात सुंदर वस्तू मात्र ग्लेइपनिर. देव ज्याला बांधू पाहत होते त्या फेनरिर लांडग्याने दोन जाड साखळ्या तोडल्या, तेव्हा बुटक्यांनी सहा गोष्टींतून रेशमासारखी मऊ फीत केली: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास, पक्ष्याची थुंकी. लांडग्याला संशय आला. फसवणूक नाही याची हमी म्हणून कोणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा, म्हणाला. टीर नावाचा देव पुढे झाला. फीत आवळली गेली, लांडगा सुटेना, आणि सगळे देव हसले. टीर सोडून, कारण त्याचा हात गेला. बंधन टिकलं ते फितीइतकंच मोडलेल्या शब्दावर.

फ्रेयरचंही तसंच. राक्षसकन्या गेर्ड बायको म्हणून मिळावी यासाठी त्याने स्वतःहून लढणारी तलवार देऊन टाकली. रॅग्नरॉकच्या, म्हणजे देवांच्या शेवटच्या युद्धाच्या, दिवशी अग्निराक्षस सुर्टसमोर ती हातात नसते, आणि तो पडतो.

जाता जाता, लॉकेट घेणाऱ्यांसाठी. आठ आऱ्यांचं ‘व्हायकिंग होकायंत्र’ म्हणून विकतात ते चिन्ह, वेगविसिर, १८६० साली आइसलँडमध्ये लिहिलेल्या हस्तलिखितातलं आहे. व्हायकिंग, म्हणजे नॉर्स दर्यावर्दी, यांच्या काळातलं चिन्ह हवं असेल तर हातोडा घ्या, आणि कडी दांड्याच्या टोकाला आहे ना ते बघा: जुन्या लॉकेटांमध्ये दांडा वर आणि डोकं खाली असतं.