संकष्टीचा चंद्र

साताऱ्यात आमच्या गच्चीवर महिन्यातून एकदा दोघंजण चंद्राची वाट बघत थांबतात, आई आणि मी. तिचा संकष्टीचा उपास, खाली मोदक झाकून ठेवलेले, आणि माझा ट्रायपॉड लावून तयार. कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाची वेळ असते पण समोरचा जरंडेश्वरचा डोंगर त्यात धरलेला नसतो, त्यामुळे आम्हाला दहाएक मिनिटं जास्त थांबायला लागतं.

आधी डोंगरामागे आभाळ तांबूस होतं, मग तो येतो, केशरी, आणि वरून थोडा खाल्लेला. पौर्णिमेला त्या कडेजवळ एक गोल काळा डाग दिसतो, मारे क्रिसियम, तो आज बहुतेक अंधारात गेलेला असतो, कारण तिथे आत्ता सूर्य मावळलाय. चंद्रावरची संध्याकाळ आपण आपल्या गच्चीवरून टिपतोय, मला हे अजून खरं वाटत नाही.

सुरुवातीला माझ्या फोटोत नुसता पांढरा ठिपका यायचा. नंतर डोक्यात शिरलं की रात्र आपल्याकडे आहे, तिकडे लख्ख ऊन पडलंय, उन्हातल्या दगडाचा फोटो काढायचाय. चंद्र वर आला की कॅमेऱ्याचं सेटिंग भर उन्हातल्यासारखं, आयएसओ 100, एफ 11, शटर 1/100, बास. 1840 मध्ये न्यूयॉर्कला जॉन विल्यम ड्रेपर या रसायनशास्त्रज्ञाने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चंद्राचा फोटो उमटवला, त्याला जवळजवळ 20 मिनिटं लागली. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, म्हणजे तेवढ्या वेळात दहा चंद्र पुढे गेला असता, आणि या माणसाने तो उजेड पत्र्यावर धरून ठेवला!

गच्चीचा कोपरा तोच, लेन्स तीच. फोटो ओळीने लावले की चैत्र-वैशाखातला चंद्र डोंगराच्या उजवीकडे, कार्तिकातला पार डावीकडे. श्रावणात नुसते ढग, आणि खाली आईचा हात, ती कॅलेंडरची वेळ बघून तिकडेच अर्घ्य देते. ते फोटोसुद्धा मी ठेवलेत, मला तर तेच जास्त आवडतात.

आईने हा उपास 1985 साली धरला. चंद्र दरवर्षी 3.8 सेंटीमीटर लांब जातो, अपोलोवाल्यांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून हे मोजलंय. मी हिशोब केला, चाळीस वर्षांत दीड मीटर. आईची उंची पाच फूट, म्हणजे तेवढीच. तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, डोंगराकडे बघत होती.

मग म्हणाली, "आला बघ."