मुरगळलेला घोटा, निळी-पांढरी जर्सी

(पडद्यावर काळोख. चेंडू जमिनीवर आपटल्याचा आवाज, मग लांबून प्रेक्षकांचा गलका.)

8 सप्टेंबर 2002. अमेरिकेतलं इंडियानापोलिस. जागतिक बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, अर्जेंटिना विरुद्ध युगोस्लाव्हिया. अर्जेंटिनाचा सगळ्यात धोकादायक खेळाडू जर्सी घालून, बुटांच्या नाड्या आवळून तयार आहे. आणि तो बाकावर बसलेला आहे.

आदल्या दिवशी जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याचा घोटा मुरगळला. प्रशिक्षक रुबेन मान्यानो त्याला थोडा वेळ आत पाठवून पाहतात. पण हा खेळाडू ज्या झपाट्यानं दिशा बदलतो, ती दिशा घोट्यावरच बदलावी लागते, आणि आज घोटा ऐकत नाही. सामना 75-75 असा बरोबरीत येतो. निर्धारित वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी अर्जेंटिनाचा ऊगो स्कोनोकिनी बास्केटकडे धाव घेतो, अंगावर अंग आदळतं, पण फाउलची शिट्टी वाजत नाही. जादा वेळेत युगोस्लाव्हिया 84-77 जिंकतो. न वाजलेली ती शिट्टी अर्जेंटिनातले लोक आजही विसरलेले नाहीत.

बाकावर बसलेल्या त्या पंचवीस वर्षांच्या तरुणाचं नाव एमानुएल जिनोबिली. सगळं जग त्याला मानू म्हणतं.

(बाहिया ब्लांका शहराची दृश्यं. बंदर, धान्याची जहाजं, बंद दाराआडचं इनडोअर मैदान.)

मानूची गोष्ट सांगायची तर आधी त्याच्या शहराची सांगावी लागते. ब्युनोस आयर्स प्रांताच्या दक्षिण टोकाकडे बाहिया ब्लांका नावाचं बंदराचं शहर आहे. फुटबॉलवेड्या देशातलं हे बास्केटबॉलवेडं गाव. इथल्या वस्त्यावस्त्यांतून छोटे क्लब आहेत. त्यातलाच एक बाहिएन्से देल नोर्ते. मानूचे वडील होर्खे या क्लबच्या कारभारात बुडालेले, आणि लेआंद्रो आणि सेबास्तियान हे थोरले भाऊ पुढे व्यावसायिक खेळाडू झाले. 28 जुलै 1977 रोजी जन्मलेला मानू घरातला शेंडेफळ. अंगानं किरकोळ आणि उंचीनं बरीच वर्षं मागे राहिलेला. शहराच्या किशोर संघाच्या निवडीतही तो एकदा वगळला गेला होता.

पण मुलगा गुणी आणि घरचं वातावरण चांगलं, एवढ्यानं ऑलिंपिक विजेता संघ उभा राहत नाही. त्यामागे अर्जेंटिनाची एक जुनी जखम आहे, आणि तिच्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. 1950 मध्ये पहिली जागतिक बास्केटबॉल स्पर्धा ब्युनोस आयर्समध्ये झाली, आणि ती अर्जेंटिनानं अमेरिकेला हरवून जिंकली. पाच वर्षांनी लष्करी उठावात अध्यक्ष पेरॉन यांची सत्ता गेली. पेरॉन यांच्या काळात मानसन्मान मिळाले, हाच त्या विजेत्यांचा गुन्हा ठरला. हौशी खेळाडू असूनही तुम्ही लाभ घेतलेत, असा ठपका ठेवून त्यांच्यावर बंदी घालण्यात आली. जगज्जेती पिढी एका कागदावर संपवली गेली. त्यानंतर अर्जेंटिनाचं बास्केटबॉल कित्येक दशकं सावरलं नाही.

ते सावरलं लेऑन नाखनुदेल या प्रशिक्षकामुळे. त्यांनी एकच गोष्ट वर्षानुवर्षं लावून धरली: राजधानीपुरता अडकलेला खेळ देशभर न्यायचा असेल तर गावोगावच्या संघांनी एकमेकांच्या मैदानावर जाऊन खेळलं पाहिजे. 1985 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. आता कोर्दोबाच्या, सांता फेच्या किंवा बाहिया ब्लांकाच्या पोराला कसलेल्या व्यावसायिकांशी दर आठवड्याला झुंजायला मिळू लागलं. लीग सुरू झाली तेव्हा मानू सात वर्षांचा होता. नाखनुदेल 1998 मध्ये वारले. आपण लावलेल्या झाडाचं फळ त्यांना पाहायला मिळालं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

(जुनं चित्रीकरण. सडपातळ, लांब केसांचा डावखुरा खेळाडू.)

मानूनं व्यावसायिक कारकीर्द सुरू केली ती ला रिओखाच्या आंदीनो क्लबकडून. मग स्वतःच्या शहरातला एस्तुदिआंतेस. 1998 मध्ये तो इटलीला गेला, तेही दुय्यम श्रेणीतल्या रेज्जो कालाब्रियाच्या संघात. हा संघ पहिल्याच मोसमात वरच्या श्रेणीत चढला. 1999 मध्ये एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये, जिथे क्लब आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, सान अँटोनिओ स्पर्सनं त्याला निवडलं, 57 व्या क्रमांकावर. त्या वर्षी एकूण निवडी होत्या 58. म्हणजे यादी मिटायला आली तेव्हा हे नाव उच्चारलं गेलं.

मधल्या काळात तो इटलीतल्याच बोलोन्याला गेला, एत्तोरे मेस्सिना यांच्या व्हिर्टस संघात. 2001 मध्ये व्हिर्टसनं युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला मानू. समोर स्पेनचा ताऊ संघ होता, आणि त्या संघात होते लुइस स्कोला आणि फाब्रिसिओ ओबेर्तो. दोघेही अर्जेंटिनाचे! पाच सामने एकमेकांविरुद्ध जीव तोडून खेळलेली ही माणसं त्याच वर्षी अर्जेंटिनातल्या नेउकेनमध्ये एकाच जर्सीत उतरली आणि अमेरिका खंडाचं विजेतेपद एकही सामना न हरता घेऊन गेली. त्या संघाकडे बघताना मला सगळ्यात जास्त भावतं ते हेच. ही माणसं वेगवेगळ्या देशांच्या लीगमध्ये, वेगवेगळ्या पद्धतींचं बास्केटबॉल शिकत होती आणि दर उन्हाळी सुट्टीत ते सगळं एका ठिकाणी आणून ओतत होती.

म्हणून 4 सप्टेंबर 2002 ला जे घडलं त्याला योगायोग म्हणता येणार नाही. इंडियानापोलिसमध्येच अर्जेंटिनानं अमेरिकेला 87-80 असं हरवलं. 1992 पासून एनबीएच्या खेळाडूंचा अमेरिकन संघ अशा स्पर्धांमध्ये एकदाही हरला नव्हता. त्या दिवशी बचाव चुकवून बास्केटकडे धावणाऱ्या खेळाडूकडे बरोबर वेळेवर चेंडू जायचा, पुन्हा पुन्हा, आणि बचाव करणारे मागे वळून बघेपर्यंत बास्केट झालेलं असायचं. चार दिवसांनी तो घोटा, तो अंतिम सामना. आणि तोच दुखरा घोटा घेऊन मानू त्या शरद ऋतूत स्पर्समध्ये दाखल झाला. नव्या नोकरीचे पहिले महिने लंगडत गेले. तरी जून 2003 मध्ये त्याच्या हातात एनबीएचं विजेतेपद होतं.

(अथेन्स, 2004. घड्याळाचा लाल आकडा.)

15 ऑगस्ट 2004. ऑलिंपिकचा पहिलाच सामना, आणि समोर पुन्हा तोच युगोस्लाव्हिया, आता सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो या नव्या नावानं. हिशेब बाकी होता. चार सेकंदांहूनही कमी वेळ उरलेला, सर्बिया 82-81 नं पुढे. अलेहांद्रो मोन्तेकिया चेंडू घेऊन सुसाट पुढे येतो. हाही बाहिया ब्लांकाचाच. तो मानूकडे चेंडू सरकवतो. मानूचा तोल गेलेला आहे, अंग पुढे झोकलं गेलंय, पाय जमिनीवर नाहीत. त्या अवस्थेत तो चेंडू वर भिरकावतो, खाली पडतो, आणि भोंगा वाजतो. चेंडू आत! 83-82. त्याच्या अंगावर सगळा संघ कोसळतो. अर्जेंटिनात या फटक्याला ‘पालोमिता’ म्हणतात, म्हणजे छोटं कबूतर. झेपावणाऱ्या शरीराला दिलेलं हे नाव किती चपखल आहे, ते चित्रीकरण हळू करून पाहिलं की कळतं.

त्यानंतरची वाट सरळ नव्हती. गटात स्पेननं हरवलं, इटलीनंही एका गुणानं हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत यजमान ग्रीसला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर नमवावं लागलं. मग आली अमेरिका.

त्या अमेरिकन संघात टिम डंकन होता, स्पर्समधला मानूचा सहकारी. प्रशिक्षकांच्या बाकावर होते ग्रेग पॉपोविच, स्पर्समधले त्याचे गुरू. वर्षभर ज्यांच्या शेजारी बसून डावपेच ऐकले, त्यांच्याच समोर मानू उभा होता. त्यानं 29 गुण केले. अर्जेंटिना 89, अमेरिका 81. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात इटलीचा पराभव, 84-69. स्कोलाचे 25 गुण.

28 ऑगस्टच्या त्या एकाच दिवशी अर्जेंटिनानं फुटबॉलमध्येही सुवर्ण जिंकलं. 1952 नंतर देशाला ऑलिंपिकमध्ये एकही सुवर्णपदक मिळालं नव्हतं. बावन्न वर्षांनी एकदम दोन! आणि बास्केटबॉलपुरतं बोलायचं तर एनबीएचे खेळाडू ऑलिंपिकमध्ये उतरू लागल्यापासून, 1992 पासून 2024 पर्यंत, पुरुषांचं सुवर्ण अमेरिकेखेरीज फक्त एकाच देशानं नेलं आहे.

2006 मध्ये जपानमधल्या जागतिक स्पर्धेत पुन्हा हळहळ. उपांत्य सामन्यात स्पेनकडून 75-74, आंद्रेस नोसिओनीचा शेवटचा थ्री-पॉइंटर रिंगला लागून बाहेर आला.

(बीजिंग, 2008. ध्वज घेऊन चालणारा मानू.)

बीजिंग ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाचा ध्वज मानूच्या हातात होता. पण त्याचा घोटा त्या वर्षीच्या प्ले-ऑफपासूनच दुखत होता. स्पर्ससाठी ही मोठी जोखीम होती, आणि मला इथे क्लबचीही बाजू खोटी वाटत नाही. लाखो डॉलरचा करार आणि आठ-नऊ महिन्यांचा मोसम क्लबच्या माथ्यावर असतो. दुखापत झाली तर राष्ट्रीय संघ घरी जातो, खेळाडूशिवाय रेटायचं काम क्लबलाच पडतं. तरीही मानू गेला. उपांत्य सामन्यात, पुन्हा अमेरिकेविरुद्ध, पहिल्याच क्वार्टरमध्ये घोट्यानं दगा दिला. तो बाहेर गेला तो परत आला नाही. त्याच्याशिवाय उरलेल्यांनी लिथुआनियाला 87-75 हरवून कांस्य आणलं. मानूवर शस्त्रक्रिया झाली आणि स्पर्सच्या पुढच्या मोसमातले जवळजवळ निम्मे सामने हुकले.

तो कांस्यपदकाचा सामना मला त्यांच्या सुवर्णाइतकाच मोलाचा वाटतो. आपला सर्वोत्तम माणूस बाकावर असताना सामना कसा जिंकायचा, याचं सहा वर्षांपूर्वी हुकलेलं उत्तर त्यांनी तिथे दिलं.

2010 च्या जागतिक स्पर्धेला तो गेला नाही, घरी जुळी बाळं आली होती. 2011 मध्ये मार देल प्लातात घरच्या प्रेक्षकांसमोर पुन्हा खंडाचं विजेतेपद आणि लंडन ऑलिंपिकचं तिकीट. लंडनला चौथा क्रमांक, कांस्यपदकाच्या लढतीत रशियाकडून चार गुणांनी हार. 2014 मध्ये पायाच्या हाडाला तडा गेलेला असल्यामुळे स्पर्सनं परवानगी नाकारली. जखमी खेळाडूला थांबवण्याचा हक्क करारानुसार क्लबला असतो. मानूला जायचं होतं, आणि ते न लपवता त्यानं निर्णय मानला.

(रिओ दी जानेरो, 2016. निळ्या-पांढऱ्या झेंड्यांनी भरलेली गॅलरी.)

रिओ ऑलिंपिकला पोहोचला तेव्हा मानू 39 वर्षांचा होता. नावावर चार एनबीए विजेतेपदं, युरोलीग आणि ऑलिंपिक सुवर्ण. हे तिन्ही मुकुट मिळवणारा त्याच्याआधीचा एकमेव खेळाडू म्हणजे अमेरिकेचा बिल ब्रॅडली. सोबत जुने सोबती होते, स्कोला, नोसिओनी, कार्लोस देल्फिनो. आणि नवा, बुटका, चपळ फाकुन्दो काम्पात्सो. यजमान ब्राझीलविरुद्धचा सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि 111-107 असा जिंकला. नोसिओनीचे 37 गुण, काम्पात्सोचे 33. त्या रात्री मानूला सगळं स्वतःच्या खांद्यावर घ्यावं लागलं नाही.

17 ऑगस्टला उपांत्यपूर्व सामन्यात अमेरिकेनं 105-78 असा मोठा पराभव केला. गॅलरीतले अर्जेंटिनाचे लोक गायचे थांबले नाहीत. अमेरिकन खेळाडू एकेक करून त्याला मिठी मारून गेले. मानू रडत होता, आणि त्यानं ते झाकलं नाही. स्पर्ससाठी तो आणखी दोन मोसम खेळणार होता, पण या जर्सीतला हा शेवटचा सामना.

इंडियानापोलिसला घोट्यानं त्याला बाकावर बसवलं होतं, बीजिंगला अर्ध्यातून बाहेर पडला होता. रिओमध्ये दोन्ही घोटे शाबूत होते. सामना संपल्यावर तो मैदानाच्या मध्यावर उभा राहिला, गॅलरीकडे हात उंचावला, आणि चालत बाहेर गेला.

(गाणं चालूच. पडदा हळूहळू काळा.)