धक्क्यावर राहिलेले घोडे

मार्च १९२०. रशियात यादवी युद्ध चालू आहे. काळ्या समुद्राच्या काठावरचं नोव्होरोसिस्क बंदर, हरणारी बाजू इथून जहाजाने निघालीय. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही. गाड्या, पेट्या, तोफा, टायफसने फणफणलेली माणसं, बायका-पोरं, आणि या सगळ्या गर्दीत हजारो घोडेस्वार. जहाजावर माणसांनाच जागा पुरत नाही, मग घोडे कुठले घेणार. काही कझाक खोगीर उतरवतात, घोड्याच्या मानेवरून हात फिरवतात आणि त्याला तिथेच सोडून देतात, काहींना ते जमत नाही, ते पिस्तूल काढतात. जहाजं सुटली तेव्हा मागे राहिलेल्या काही घोड्यांनी पाण्यात उडी मारली आणि मालकाच्या मागे पोहत निघाले, ही आठवण तिथून निसटलेल्या माणसांनी आयुष्यभर जपली.

यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून आधी कझाक म्हणजे कोण ते बघू. आपल्याकडे शिवकाळात शिलेदार आणि बारगीर असायचे ना, बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. कझाक हा शिलेदार. घोडा त्याचा, खोगीर त्याचं, तलवार आणि गणवेशही त्याचाच, घरातला पोरगा वयात आला की बाप कर्ज काढायचा पण त्याला घोडा घेऊन द्यायचा. त्याच्या बदल्यात झारने कझाकांना जमीन दिलेली होती, शिवाय स्वतःची गावं, ज्यांना स्तानित्सा म्हणतात, आणि इतरांना नसलेले बरेच हक्क. डॉन नदीचे कझाक, त्यांच्या दक्षिणेला कुबानचे, तेरेकचे, आणि पार सायबेरियापर्यंत अजून कितीतरी. म्हणजे घोडा हे नुसतं जनावर नव्हतं, ती त्या घराची पत होती.

आता १९१७ ला येऊ. नोव्हेंबरमध्ये राजधानी पेट्रोग्राडमध्ये बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांनी, सत्ता घेतली. जे जुने जनरल त्यांच्या विरोधात होते ते एकेक करून डॉनकडे सरकायला लागले, कारण सगळ्यांचा हिशोब एकच, कझाक लढवय्ये आहेत, स्वतःचं राखणारे आहेत, ते बोल्शेविकांना उभं करणार नाहीत. जनरल अलेक्सेयेव्ह डॉनच्या राजधानीत, नोव्होचेर्कास्कला पोचला आणि तिथे त्याने स्वयंसेवकांची फौज जमवायला सुरुवात केली. पाठोपाठ जनरल कॉर्निलॉव्ह आला, वेष पालटून. (हा कॉर्निलॉव्ह म्हणजे सायबेरियन कझाकाचा मुलगा, आणि १९०३-०४ मध्ये तो भारतात येऊन मुंबई, दिल्ली, पेशावर फिरून गेलेला, अर्थात इंग्रजांच्या फौजेवर नजर ठेवायला.)

पण हिशोब चुकला. पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवरून घरी आलेला तरुण कझाक तीन वर्षं लढून दमला होता. त्याला वाटत होतं की लाल (म्हणजे बोल्शेविक) आणि गोरे (म्हणजे त्यांच्या विरोधातले) यांचं भांडण त्यांचं त्यांनी बघावं, आपल्या डॉनला कोण हात लावतंय. डॉनचा अतामान, म्हणजे कझाकांनी निवडलेला प्रमुख, होता जनरल कालेदिन. पीटर द ग्रेटच्या काळात बंद पडलेली अतामान निवडायची पद्धत १९१७ मध्ये परत सुरू झाली आणि त्यात हा पहिला निवडून आलेला. त्याने हाका मारल्या, पण कुणी येईना, आली ती जास्त करून शाळा-कॉलेजची पोरं. फेब्रुवारी १९१८ मध्ये त्याने आपल्या सरकारची बैठक घेतली, सांगितलं की डॉन वाचवायला आपल्याकडे १४७ संगिनी उरल्यात, राजीनामा दिला, आणि त्याच दिवशी स्वतःला गोळी घालून घेतली. इतक्या मोठ्या मुलखाच्या प्रमुखाकडे १४७ माणसं, हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढे वाचवलं नाही.

मग कॉर्निलॉव्हने आपली साधारण चार हजारांची फौज घेतली आणि रोस्तोव्ह सोडून कुबानच्या स्तेपमध्ये, म्हणजे सपाट गवताळ मुलखात शिरला. फौज म्हणायचं खरं, पण त्यात शिपाई कमी आणि ऑफिसर जास्त. कर्नल हुद्द्याची माणसं खांद्यावर बंदूक टाकून साध्या जवानासारखी चिखल तुडवत होती. मार्चच्या शेवटी एका दिवशी रात्रीपासून पाऊस लागला, सगळे चिंब, आणि दिवसा एकदम थंडी पडून बर्फ सुरू झाला. अंगावरचे ओव्हरकोट गोठून पत्र्यासारखे ताठ झाले, बाही वाकवली की कडकड आवाज, गाड्यांवरचे जखमी अंथरुणासकट गोठले. तशा अवस्थेत त्यांनी भरलेली नदी ओलांडली आणि नोव्होदिमित्रियेव्स्काया गावावर रात्री हल्ला केला, कारण दुसरा पर्यायच नव्हता, आत घरं होती, घरांत चुली होत्या, बाहेर राहिले असते तर सकाळपर्यंत मेलेच असते. त्यावरून या सगळ्या मोहिमेला बर्फाची मोहीम हे नाव पडलं.

पुढे कुबानची राजधानी एकातेरिनोदार, त्या शहराला त्यांनी वेढा घातला. १३ एप्रिल १९१८ च्या सकाळी शहराबाहेरच्या एका शेतघरात कॉर्निलॉव्ह बसला होता, एक तोफगोळा थेट त्याच खोलीत आला आणि तो गेला. त्याला गुपचूप पुरलं, खुणासुद्धा ठेवल्या नाहीत, पण लालांनी शोधून काढलं, मृतदेह शहरात फरफटत नेला आणि जाळला. त्याच्या हाताखालच्या जनरल डेनिकिनने नेतृत्व घेतलं आणि उरलेल्यांना घेऊन माघारी वळला. ८० दिवस चाललेली ही मोहीम म्हणजे पराभवच होता, तरी नंतर गोऱ्यांच्या सगळ्या सैन्यात सगळ्यात मानाचं पदक याच मोहिमेचं होतं, काट्यांचा मुकुट आणि त्यातून आडवी गेलेली तलवार.

तोपर्यंत इकडे डॉनवर हवा बदलली होती. लाल तुकड्या स्तानित्सांमध्ये शिरल्या, धान्य उचलायला लागल्या, लोकांना गोळ्या घालायला लागल्या, आणि जो कझाक कालेदिनच्या हाकेला आला नव्हता तो आता आपणहून घोड्यावर बसला. नवा अतामान झाला क्रास्नॉव्ह. त्याने जर्मनांशी जमवून घेतलं, त्यांना धान्य द्यायचं आणि हत्यारं घ्यायची. डेनिकिनला हे अजिबात पटलेलं नव्हतं, तो जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या मित्रराष्ट्रांना धरून होता.

इथेच सगळ्याचं मूळ आहे असं मला वाटतं. जनरल लोक लढत होते अखंड रशियासाठी, मॉस्को घ्यायचं होतं त्यांना. कझाक लढत होता आपल्या गावासाठी. शत्रू एकच, पण युद्धं दोन वेगळी. डॉनची सीमा आली की कझाकाचा घोडा आपोआप थांबायचा. १९१८-१९ च्या हिवाळ्यात तर वरच्या डॉनच्या काही रेजिमेंटनी आघाडीच सोडली, लालांना वाट दिली आणि घरी गेले, आता शांतता होईल या आशेने. आणि २४ जानेवारी १९१९ ला मॉस्कोहून पक्षाचं एक गुप्त परिपत्रक निघालं, श्रीमंत कझाकांविरुद्ध सरसकट दहशत, शस्त्रं सापडली तर गोळी. गावागावांत न्यायमंडळं बसली आणि लोक रात्री उचलून नेले जाऊ लागले. मार्चमध्ये व्योशेन्स्कायाच्या आसपासचा सगळा भाग उठला, ज्यांनी लालांना वाट दिली होती तेच लोक, आणि चारी बाजूंनी वेढलेले असताना जूनपर्यंत टिकले.

पण एक बाजू सांगून दुसरी गाळणं बरोबर नाही. डॉनवर जवळजवळ निम्मी माणसं कझाक नव्हती, बाहेरून येऊन राहिलेले शेतकरी, ज्यांना जमिनीत वाटा नव्हता की गावात मत नव्हतं. पुढे लालांच्या घोडदळाचा मोठा सेनापती झालेला बुद्योनी अशाच एका घरातला, डॉनवरच जन्मलेला. आणि गोऱ्यांच्या फौजा १९१९ मध्ये युक्रेनमध्ये शिरल्या तेव्हा त्यांनी ज्यूंवर जे केलं ते भयंकर होतं, सप्टेंबरमध्ये फास्तोव्हला तेरेक कझाकांच्या तुकडीने घरं लुटली, जाळली, बायकांवर अत्याचार केले, शेकडो माणसं मारली. हे करणारेही कझाकच होते.

जुलै १९१९ मध्ये डेनिकिनने त्सारित्सिन शहरात हुकूम काढला, सगळ्यांनी मॉस्कोच्या दिशेने. ब्रिटिशांकडून रणगाडे, बंदुका, कपडे येत होते. ऑगस्टमध्ये मामोंतॉव्ह नावाचा जनरल हजारो डॉन कझाक घेऊन लालांच्या पिछाडीला घुसला, तांबोव्ह, कोझलॉव्ह, येलेत्स अशी शहरं घेतली, लालांची दाणादाण उडवली, मोहीम खरंच जबरदस्त होती, आणि मग लुटीच्या गाड्यांची मैलोनमैल रांग घेऊन परत फिरला. नेमकी घोडदळाची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा त्याचे बरेच स्वार माल पोचवायला घरी निघून गेले.

ऑक्टोबरमध्ये ओर्योल शहर गोऱ्यांच्या हाती आलं. मॉस्को तिथून साडेतीनशे-एक किलोमीटर. त्याच्या फार पुढे ते कधीच गेले नाहीत. शेतकऱ्यांना जमीनदार परत येतील ही भीती होती, मागे युक्रेनमध्ये माख्नो नावाच्या पुढाऱ्याचे बंडखोर रेल्वे तोडत होते, आणि नोव्हेंबरमध्ये गोऱ्या जनरलांनीच कुबानच्या कझाक विधानसभेवर सैन्य घातलं. कालाबुखॉव्ह नावाच्या एका सदस्याला एकातेरिनोदारच्या भर चौकात फाशी दिलं, कारण काय तर कुबानच्या शिष्टमंडळाने पॅरिसमध्ये कॉकेशसच्या डोंगरी लोकांशी स्वतःहून करार केला. त्यानंतर कुबानचे स्वार जे घरी जायला लागले ते थांबेचनात. आपल्याच शिलेदाराला आपणच फासावर चढवलं तर तो कुणासाठी लढणार?

तिथून नोव्होरोसिस्कपर्यंत नुसती माघार. टायफस एवढा की मामोंतॉव्हसुद्धा त्यातच गेला. धक्क्यावर स्वयंसेवक फौजेच्या तुकड्या आधी चढल्या, कझाकांच्या वाट्याला फार थोडी जागा आली आणि डॉनच्या सेनापतीचं डेनिकिनशी कडाक्याचं भांडण झालं. जे राहिले त्यातले काही किनाऱ्याने सोचीकडे गेले आणि मे महिन्यात तिकडे शरण आले. बऱ्याच जणांना लालांनी आपल्याच सैन्यात घेतलं आणि पोलंडच्या आघाडीवर पाठवलं.

क्रिमियात पोचलेल्यांनी डेनिकिनच्या जागी आलेल्या जनरल व्रांगेलच्या हाताखाली अजून काही महिने काढले. नोव्हेंबर १९२० मध्ये तिथूनही जहाजं सुटली, १२६ जहाजं आणि जवळपास दीड लाख माणसं, आणि पुन्हा घोडे मागे. डॉनचे कझाक इस्तंबूलजवळ चताल्जाला मेंढ्यांच्या गोठ्यांमध्ये राहिले, कॉलरा झाला, नंतर बऱ्याच जणांना लेम्नोस बेटावर नेलं. तिथे तंबू होते, वारा होता आणि पाणी मोजून मिळायचं. काही जण घरच्या ओढीने १९२१ मध्ये परत रशियाला गेले, बाकीचे बल्गेरिया, सर्बिया, फ्रान्सकडे पांगले, खाणीत, कारखान्यात कामाला लागले.

त्यातल्या काहींनी पुढे एकत्र येऊन कसरतींची पथकं काढली. युरोपच्या शहरांमध्ये तिकीट लावून खेळ व्हायचे, भरधाव घोड्यावर उभं राहायचं, पोटाखालून जाऊन पलीकडून वर यायचं, जमिनीवर पडलेला रुमाल दातांनी उचलायचा, जे ते लहानपणी गावच्या माळावर शिकले होते. लोक टाळ्या वाजवायचे. खेळ संपला की घोडा तबेल्यात बांधायचा आणि पायी खोलीवर जायचं.