आवाज ऐकून घेतलेला ड्रम

मंडळी, कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकचं पेडल सोडून गेलंय, म्हणजे दाबलं तरी ब्रेक लागलाच नाही, असं कुणाकुणाला झालंय? हात वर करा बघू. तीन. म्हणजे बाकीच्यांना माझं थोडं पाल्हाळ सोसावं लागणार.

आमच्या मांगरात १९६०च्या दशकातला फार्गो ट्रक आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा. वडिलांनी त्यातून हापूसच्या पेट्या मुंबईला नेल्या. आता वर्षातून चारदा बाहेर निघतो. पण चिपळूणहून निघालं की कुठल्याही दिशेला घाट आलाच, तेव्हा चारदा का होईना, ब्रेक लागतोच.

त्याच्या ब्रेकच्या सामानासाठी सुरुवातीला मी ऑनलाइन ‘फार्गो’ शोधत बसायचो. हाती काही लागत नसे. मग डोक्यात प्रकाश पडला. डॉज, डिसोटो, फार्गो ही अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीची नावं, ट्रक मुळात एकच, पुढची पाटी वेगळी. ‘डॉज’ टाकलं आणि अमेरिकेतल्या जुन्या सामानवाल्यांची रांग लागली.

इथेच फसलो. आमच्या व्हील सिलिंडरवर, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणाऱ्या नळकांड्यावर, ओतलेला नंबर होता, तोच नंबर विक्रेत्याच्या फोटोत दिसला. लगेच पैसे भरले. तो होता कास्टिंग नंबर. एकाच ओतीव बॉडीला वेगवेगळ्या मापाचं भोक पाडून चार गाड्यांना बसवतात, हे मला पार्सल फोडल्यावर कळलं. आमचा बोअर, म्हणजे आतलं भोक, एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे २८.५७ मिलिमीटर. आलेला होता एक इंचाचा, २५.४. तीन मिलिमीटरने काय होतंय? होतं. जोर क्षेत्रफळावर ठरतो, तो जवळजवळ एकवीस टक्क्यांनी कमी. डाव्या चाकाला हा बसवला असता तर ब्रेक मारताच गाडी उजवीकडे ओढली असती, आणि आपल्या घाटात उजवीकडे कधी डोंगर असतो, कधी दरी. तेव्हापासून मी विक्रेत्याला एकच सांगतो: बोअरला व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावलेला फोटो पाठवा. जो पाठवत नाही त्याच्याकडून घेत नाही.

आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात ठेवल्यासारखं पिवळं पडलेलं, सील न फोडलेलं खोकं दिसलं की आपलं मन विरघळतं. जपून. आतलं लोखंड पन्नास वर्षं टिकतं, रबर टिकत नाही. सिलिंडरमधले रबरी कप कडक होतात, रबरी पाइप आतून फुगतो. मग तेल पुढे जातं, मागे येत नाही, आणि चाक धरून बसतं. म्हणून धातू जुना घ्या, रबर नवं, मापाप्रमाणे, इथलंच. ते धुवायला डिझेल नको. आमच्या गॅरेजातल्या पोरांचा हात आधी डिझेलच्या डब्याकडेच जातो. त्याने ब्रेकचं रबर फुगतं. ब्रेक ऑइलनेच धुवा. त्या ऑइलचा उघडा डबाही पावसाळाभर फळीवर ठेवू नका. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट थ्री या प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी धरल्यावर १४० पुरतात. मग वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल सोडून जातं ते असं.

खरं तर पुष्कळदा मागवायची गरजच नसते. आपल्या खाऱ्या हवेने सिलिंडरच्या आत खड्डे पडतात, पण बॉडी शाबूत असते. रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ एक टर्नर आहे, मच्छीमार बोटींचे शाफ्ट करतो. त्याने आतून पितळेची स्लीव्ह ठोकली, मापाला बोअर केलं, होन करून गुळगुळीत केलं. परदेशी पार्सलवर ड्युटी सामानाच्या किमतीवर धरतात तशी वाहतुकीच्या भाड्यावरही धरतात. तो हिशेब केला तर टर्नर फुकट पडला म्हणा.

जुने ब्रेक लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, मात्र घेऊच नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. ती धूळ कंप्रेसरने उडवणं तर अजिबात नको.

राहिला ब्रेकचा ड्रम, चाकाबरोबर फिरणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, गोल डबा. त्याला पर्याय नाही, आमच्या डाव्या पुढच्याला तडा आहे. वजनदार वस्तू, भाडं किमतीपेक्षा जास्त. फोटोत बारीक तडा दिसत नाही, रंग मारला की संपलंच. म्हणून एका विक्रेत्याला लिहिलं, ड्रम दोरीला टांगा, हलकी हातोडी मारा, व्हिडिओ पाठवा. तो आधी हसला असणार. पाठवला. अखंड बीड घणघणतं, तडकलेलं बद्द वाजतं. मोबाइल चालू केला तर आई आतून म्हणाली, “देवळात आत्ता आरती कसली?” मी तिथल्या तिथे पैसे भरले.

हबसकट, म्हणजे चाकाच्या मधल्या भागासकट, घेतलाय, त्यामुळे आधी डावी-उजवी बाजू विचारून घेतली. या गाड्यांच्या डाव्या चाकाचे नट उलट्या आट्याचे असतात. नवा मेकॅनिक नेहमीसारखा जोर लावतो आणि नट बसतो तो स्टड तोडून बसतो. ड्रम अजून बोटीवर आहे. आला की आधी मांगराच्या वाशाला टांगणार आणि वाजवून बघणार. प्रवासात आपटला असेल तर?