फाडलेलं नाव, लावलेलं नाव

हा फोटो नीट पाहून घ्या. बाकावर बसलेलं एक जोडपं आणि दोघांच्या हातांत मिळून जर्मन शेफर्डची आठ पिल्लं. साल १९८०, फोटोग्राफर आर्ट रॉजर्स.

पुढे या फोटोची कार्डं निघाली. त्यातलं एक अमेरिकन कलाकार जेफ कून्सच्या हाती पडलं. त्याने कार्डावरची कॉपीराइटची नोंद फाडून टाकली आणि उरलेलं कार्ड इटलीतल्या कारागिरांकडे धाडलं. सूचना अशी, की लाकडात कोरताना फोटो जसाच्या तसा उतरला पाहिजे. १९८८ मध्ये शिल्प लोकांसमोर आलं. पिल्लं निळी, नाकं टपोरी, जोडप्याच्या केसांत फुलं. तीन प्रती मिळून ३,६७,००० डॉलरना गेल्या.

रॉजर्सने कोर्टात खेचलं. कून्सचा बचाव होता, हे विडंबन आहे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. समाजाच्या बटबटीत आवडीची टर उडवायची, तर खुशाल उडवा. पण त्यासाठी हाच फोटो कशाला? आम्हाला मात्र निकालापेक्षा तो फाडलेला तुकडा जास्त बोलका वाटतो.

नावाचं हे भांडण जुनंच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या मार्कांतोनियो रायमोंदीने जर्मन चित्रकार ड्यूररच्या लाकूडठशांच्या नकला तांब्यावर कोरल्या, आणि खाली ड्यूररची सहीची मुद्राही कोरली. ड्यूररने व्हेनिसमध्ये दाद मागितली. मिळालं एवढंच, की ती मुद्रा वापरायची नाही. चरित्रकार व्हासारी तसं सांगतो. नकलेला मनाई नाहीच! आणि गंमत पाहा: याच रायमोंदीने राफाएलच्या रचनेवरून केलेल्या एका छापचित्रातून फ्रेंच चित्रकार एदुआर मानेने तीन माणसांची बैठक उचलली. ते १८६३ चं ‘गवतावरचं जेवण’. आज मानेला कोणी नकलाकार म्हणत नाही.

मग अमेरिकन कलाकार शेरी लेव्हिनचं काय करायचं? १९८१ मध्ये तिने फोटोग्राफर वॉकर इव्हान्सचे १९३६ चे फोटो कॅटलॉगमधून पुन्हा टिपले आणि प्रदर्शनात मांडले. ना रंग बदलला, ना चौकट. पण मालिकेच्या शीर्षकातच इव्हान्सचं नाव. चोरी म्हणावी, तर चोराने घरमालकाची पाटी स्वतःच्या दारावर ठोकलेली. त्यातला एक चेहरा अलाबामात बटाईने शेती कसणाऱ्या कुटुंबातल्या बाईचा आहे. तो इव्हान्सने तरी कुठून आणला होता? लेव्हिनचं काम डोळ्यांना काहीच नवं देत नाही, पण हा प्रश्न ती विचारायला लावते. आमच्या मते तेवढं पुरेसं आहे.

फोटोग्राफर लिन गोल्डस्मिथचा प्रश्न साधा होता, पैशाचा आणि श्रेयाचा. तिने १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ मध्ये एका मासिकाने ४०० डॉलर देऊन तो चित्रकार अँडी वॉरहॉलला चित्रासाठी दिला, एकदाच वापरायच्या अटीवर. वॉरहॉलने त्यावरून एकूण सोळा कलाकृती केल्या. २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावर त्यातली एक मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. वॉरहॉलच्या मागे त्याच्या कामाचे हक्क सांभाळणाऱ्या वॉरहॉल फाउंडेशनला १०,००० डॉलर. गोल्डस्मिथला ना पैसा, ना नाव.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा कौल तिच्या बाजूने दिला. फोटो आणि चित्र, दोन्ही मासिकाला एकाच कामासाठी विकली जात होती, हा त्यातला मुद्दा. विरोधी न्यायमूर्ती एलेना केगन यांना यात कलेची गळचेपी दिसली. वॉरहॉलची ती मूळ चित्रं काढणं, दाखवणं वा विकणं योग्य की अयोग्य, यावर बहुमताने मत दिलं नाही.