भागाकारात हरवलेले ऐंशी किलो

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात दिलेले व्याख्यान)

विद्यार्थी मित्रांनो आणि दिवसभराची वेचणी आटोपून आलेल्या शेतकरी बंधू-भगिनींनो, रस्ट या संगणकाच्या भाषेतील साधे ऑपरेटर, म्हणजे क्रिया सांगणारी चिन्हे, हा आजचा विषय आहे. सुरुवात मी भागाकाराच्या चिन्हापासून करतो, कारण त्या चिन्हापायी आमच्या घरचा ऐंशी किलो कापूस हिशेबातून गेला होता.

मी अकरावीत असताना बाबांनी एका खासगी जिनिंगवर कापूस नेला. काट्यावर १७८० किलो वजन भरले, भाव क्विंटलला ७००० रुपये ठरला, आणि संगणकाच्या पावतीवर चुकारा आला १,१९,००० रुपये. रात्री आईने कंदिलाजवळ बसून हिशेब मांडला, तेव्हा तो १,२४,६०० भरला. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा गेले, तर संगणक चुकत नसतो एवढेच उत्तर त्यांना मिळाले. आईचा हिशेब बरोबर असूनही तिच्या शब्दाला तिथे किंमत नव्हती, आणि ते मला आजही सलते.

पुढे शिकत असताना ती पावती काढणारा प्रोग्राम मला पाहायला मिळाला. सी भाषेत लिहिलेल्या त्या ओळीत आधी वजनाला १०० ने भागले होते आणि मग भावाने गुणले होते. दोन्ही संख्या पूर्णांक असल्या की सी आणि रस्ट या दोन्ही भाषांत भागाकारही पूर्णांकच येतो. म्हणून १७८० / १०० याचे उत्तर १७.८ न येता १७ येते आणि वरचे ८० किलो गुणाकारापर्यंत पोचतच नाहीत. गुणाकार आणि भागाकार यांची पायरी सारखी असल्याने ते डावीकडून उजवीकडे, लिहिलेल्या क्रमाने होतात. आधी गुणून मग भागले असते, तर आईचाच आकडा आला असता.

मात्र आधी गुणण्यातही एक धोका आहे. रक्कम पैशांत ठेवली, तर ७००० रुपयांचे सात लाख पैसे होतात. दोन ट्रॉल्यांचा ४००० किलो कापूस त्याने गुणला की २८० कोटी येतात. पूर्णांक साठवण्याच्या आय ३२ या ३२ बिटांच्या प्रकारात मात्र २,१४,७४,८३,६४७ च्या वर संख्या मावत नाही. लिहिलेला प्रोग्राम संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणणे म्हणजे बांधणी. रस्टमध्ये तपासणीच्या बांधणीत प्रोग्राम तिथेच थांबतो; अंतिम बांधणीत, वेगळी सूचना दिलेली नसेल तर, संख्या वळसा घेऊन उणे होते आणि पावतीवर शेतकरीच देणेकरी दिसू लागतो. यावर उपाय म्हणजे आय ६४ हा ६४ बिटांचा मोठा प्रकार वापरणे, किंवा चेक्ड मल या पद्धतीने गुणणे, जिथे उत्तर मावले नाही तर तसे स्पष्ट कळते. आय ३२ आणि आय ६४ यांचा थेट गुणाकार रस्ट मान्य करत नाही, प्रकार आपणच बदलून द्यावा लागतो. नवशिक्यांना हा जाच वाटतो. मला तो काट्याआधी वजनमाप तपासून घेण्यासारखा वाटतो.

अध्यक्षांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी दिली आहे, म्हणून उरलेले ऑपरेटर घाईने सांगतो. % हे चिन्ह बाकी देते: १७८० % १०० म्हणजे ८०. एकेरी = किंमत ठेवते आणि दुहेरी == तुलना करते; अटीत चुकून एकेरी लिहिले तर सी भाषा ते चालवून घेते, रस्ट प्रोग्राम बांधायलाच नकार देते. && म्हणजे ‘आणि’; त्याची डावी बाजू खोटी ठरली, तर उजवी तपासलीच जात नाही. त्यामुळे सोयाबीनच्या पोत्यांची सरासरी तपासताना «पोती > ० && वजन / पोती > ५०» असे लिहावे; पोती शून्य असली तरी भागाकारापर्यंत वेळ येत नाही. हीच अट उलट क्रमाने लिहिली, तर शून्याने भागण्यापाशी प्रोग्राम बंद पडतो.